दुसऱ्याच्या बोटाने किती दिवस?



आमच्या ओळखीच्या एका घरातली ही हकीकत आहे. घर शेतकऱ्याचे, बेळगावच्या पश्चिम भागातले. थोडे भात, थोडी रताळी. घरातील आजोबांचा पीएम किसानचा हप्ता एकाएकी थांबला. ही मदत २०१९ पासून मिळते. वर्षाला ६००० रुपये, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते, थेट बँकेच्या खात्यात. पण आधारवरून ओळख पटवून दिली नाही, म्हणजे ई-केवायसी केली नाही, तर हप्ता अडकतो. सुट्टीवर आलेल्या नातवाने आजोबांचा फोन घेतला, दोन मिनिटांत काम उरकले आणि फोन परत दिला. आजोबांनी विचारले, "काय केलंस रे?" नातू म्हणाला, "आजोबा, तुम्हाला नाही समजायचं ते."

पुढच्या महिन्यात नातू नोकरीच्या गावी असताना आजोबांच्या फोनवर एक निरोप आला. 'पीएम किसानची यादी' असे त्यावर लिहिले होते आणि खाली एक फाईल होती. नातवाने केले तसलेच हे काम असेल, असे समजून आजोबांनी ती उघडली आणि फोन जे जे विचारील त्याला होकार देत गेले. संध्याकाळपर्यंत रताळी विकून खात्यात आलेले चौदा हजार रुपये गेले होते. लाजेने त्यांनी दोन दिवस घरात कोणाला सांगितलेही नाही.

चोर तर दोषी आहेच. पण आमच्या मते "तुम्हाला नाही समजायचं" हे तीन शब्दही त्या चोराच्या उपयोगी पडले. काम झाले, पण काम म्हणजे काय होते हे आजोबांना कळलेच नाही. म्हणून खरे काम कोणते आणि खोटे कोणते, हेही त्यांना ओळखता आले नाही.

फोन आणि संगणक ही शिकलेल्या पोरांची वस्तू आहे, असे म्हणून बाजूला बसण्याचे दिवस आता राहिलेले नाहीत. आपल्या जमिनीचेच पाहा. पूर्वी उताऱ्यासाठी तलाठ्याच्या दारी खेटे घालावे लागत. सन २००० च्या सुमारास कर्नाटकात 'भूमी' योजना आली आणि सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांचे दोन कोटी उतारे संगणकावर गेले. आज जिल्हा, तालुका, होबळी, गाव आणि सर्व्हे नंबर निवडला की आपली आरटीसी घरबसल्या पाहता येते. नाव बरोबर आहे का, बोजा चढला आहे का, पिकाची नोंद काय आहे, हे ज्याचे त्याला पाहता येते. पण ज्याला फोन चालवता येत नाही, त्याने काय मिळवले? पूर्वी तो तलाठ्यावर अवलंबून होता, आता दुकानातल्या पोरावर अवलंबून आहे. दार बदलले, खेटे तेच राहिले.

"आमचे वय झाले, आता काय शिकणार?" असे पुष्कळ जण म्हणतात. आम्हांला हे पटत नाही. याच मंडळींनी बैल सोडून पॉवर टिलर हाती धरला, मोटारीचा स्टार्टर शिकून घेतला, औषधाचे माप पंपाच्या पाण्यात बेतायला शिकली. केंद्र सरकारने २०१७ साली खेड्यांतील सहा कोटी घरांतून एकेका माणसाला संगणक व इंटरनेट शिकवण्याची योजना काढली होती. तिचा सगळा अभ्यासक्रम मिळून होता वीस तासांचा! रोज अर्धा तास दिला तर चाळीस दिवस. ती योजना मार्च २०२४ मध्ये संपली. पण वीस तासांत शिकण्यासारखी ही विद्या आहे, हे तर कळले. आता शिकवणारे आपल्याच घरातून उभे राहिले पाहिजेत.

सुरुवात कोठून करावी? आमच्या मते चार धडे पुरेत.

पहिला धडा भीती घालवण्याचा. चुकीचे बटण दाबल्याने फोन किंवा संगणक मोडत नाही. मागे नेणारी खूण शोधून ठेवावी. वाट चुकली की तिच्यावर बोट ठेवून परत यावे. आठ दिवस नुसते उघडावे, बंद करावे, फोटो काढावा, घरच्यांना निरोप पाठवावा.

दुसरा धडा भाषेचा. इंग्रजी येत नाही म्हणून अडत नाही. फोनचा कळफलक मराठी करता येतो. लिहायला जड जात असेल तर माइकची खूण दाबून मराठीत बोलावे. अक्षरे आपोआप उमटतात. आपल्या भागात सरकारी मजकूर बहुधा कन्नडमध्ये येतो. तो भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये घातला की मराठीत वाचता येतो. भाषांतर कधी चुकते, म्हणून जमिनीच्या वा पैशाच्या कागदावर सही करण्यापूर्वी जाणत्या माणसाकडून खात्री करून घ्यावी. पण निदान मजकूर कशाबद्दल आहे ते तरी कळते.

तिसरा धडा पत्ता वाचण्याचा. घराला जसा पत्ता असतो तसा संकेतस्थळालाही असतो. सरकारी पत्त्याचा शेवट बहुतेक 'जीओव्ही डॉट इन' असा असतो. ही अक्षरे पत्त्यात कोठेतरी मध्येच असून उपयोग नाही. पत्त्यातील पहिल्या एकेरी तिरप्या रेघेच्या लगेच आधी ती असली पाहिजेत. निरोपात आलेल्या दुव्यावर बोट ठेवण्यापेक्षा असा पत्ता वहीत लिहून ठेवावा आणि स्वतः टाकून उघडावा.

चौथा धडा पैशाचा, आणि तो पाठच करावा. पैसे घेताना पिन कधीच लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे आपल्याकडून जाणार. ओटीपी हा घरच्या कुलपाच्या किल्लीसारखा आहे. तो फोनवरून कोणालाही सांगू नये, बँकेचे नाव सांगणाऱ्यालाही नाही. आणि निरोपातून आलेले, 'एपीके' अशी अक्षरे शेवटी असलेले काहीही फोनमध्ये बसवू नये. आजोबांना फसवणारी फाईल याच जातीची होती. होकार देत गेले की असली फाईल फोनवर येणारे निरोप वाचू लागते. मग आपण ओटीपी सांगितला नाही तरी तो चोराला दिसतो. तरीही फसगत झालीच तर लाजू नये. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा आणि बँकेलाही कळवावे. जितके लवकर कळवाल तितकी पैसे अडवून धरण्याची आशा जास्त. आजोबांचे ते दोन दिवस म्हणूनच महाग पडले.

भगिनींना आमचे आणखी एक सांगणे आहे. पुष्कळ घरांत खाते बाईच्या नावे असते आणि फोन मात्र पुरुषाच्या खिशात. आपल्या खात्यात काय आले, काय गेले, हे बाईला स्वतः पाहता आले पाहिजे. २०२० पासून सरकारच्या ईसंजीवनी सेवेत फोनवरून डॉक्टरांचा सल्ला घेण्याची सोय आहे. आपले दुखणे शेजारच्या मुलाला सांगून टाईप करून घेण्यापेक्षा आपणच डॉक्टरांशी बोललेले बरे.

तरुणांना शेवटी एवढेच. मुलाला पोहायला शिकवताना आपण पाठीला सुका भोपळा बांधतो. पण विहिरीत त्यालाच उतरवतो. त्याच्याऐवजी आपण पोहून दाखवले तर तो आयुष्यभर काठावरच बसेल. तेव्हा आजोबांचा फोन हातात घेऊ नका. तो त्यांच्याच हातात राहू द्या, शेजारी बसा आणि कोठे बोट ठेवायचे ते सांगा. दोन मिनिटांच्या कामाला अर्धा तास लागेल. एकच गोष्ट पाच वेळा सांगावी लागेल. तुम्हाला अक्षरे शिकवताना त्यांनी किती वेळा सांगितले होते, ते आठवा.

रविवारी मिस्सा सुटल्यावर चार तरुण आणि दहा वडीलधारी अर्धा तास सभागृहात बसली, तरी पुष्कळ होईल. त्याला निधी नको, फलक नको. ज्याचा फोन त्याच्या हातात, आणि बोटही त्याचेच, एवढा एकच नियम असावा.