फिल्टर आहे, पण तारीख कोठे आहे?

महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले. चाकांवरील या घरात स्वयंपाकघर असते, पाण्याची टाकी असते आणि पिण्याच्या नळाला अनेकदा कोळशाचा फिल्टर असतो. फिल्टर आहे म्हणजे पाणी शुद्धच, ही समजूत मात्र घातक ठरू शकते.

हंगाम सरला की असे वाहन कित्येक आठवडे उभे राहते आणि फिल्टर आतून ओलाच राहतो. कोळसा पाण्यातील क्लोरीन काढून घेतो. साहजिकच आत साचलेल्या पाण्यात जंतूंना अटकाव उरत नाही व उष्ण हवेत ते वाढतात. क्लोरीन घातलेल्या पाण्यात ग्राहकापर्यंत पोचताना लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरावे, असे भारतीय मानक 10500 सांगते, ते उगीच नव्हे.

वापरलेला फिल्टर फेकणे हा अपव्यय वाटेल. परंतु तो वाळवून पुन्हा बसविण्याची काटकसर आजारपणात महाग पडू शकते. वाहन उभे करताना टाकी व नळ्या रिकाम्या कराव्यात. नवा फिल्टर वेष्टन न फोडता कोरड्या, थंड जागी ठेवावा आणि टाकी क्लोरीनच्या पाण्याने धुऊन, ते पाणी काढून टाकल्यावरच बसवावा.

भाड्याने वाहन घेणाऱ्यास हे सारे पाहता येत नाही. म्हणून फिल्टर बदलल्याची तारीख नळाजवळ लिहिणे वाहनमालकावर बंधनकारक करावे. दीर्घ सुटीनंतर उघडणाऱ्या शाळांनाही हाच नियम लावणे अगत्याचे आहे.