थंडीची आगाऊ वर्दी

भूमध्य समुद्राच्या परिसरात उगम पावणारे पश्चिमी विक्षोभ काश्मीर-हिमाचलाच्या शिखरांवर हिम आणि पंजाब-हरियाणाच्या गव्हावर पाऊस शिंपून पुढे सरकले, की त्यांच्या पाठोपाठ उत्तरेचे कोरडे वारे सुटतात आणि कडाक्याची थंडी पुष्कळदा निफाडच्या द्राक्षबागांपर्यंत येऊन ठेपते. १८७५ साली स्थापन झालेले भारतीय हवामान खाते या क्रमाची वर्दी काही दिवस आगाऊ देते; परंतु ती दप्तरात पडून न राहता तहसील कचेरीतून गावच्या चावडीपर्यंत वेळेवर पोचली, आणि उघड्यावर निजणाऱ्या निराश्रितांसाठी निवाऱ्याची व शेकोट्यांची तजवीज गारठ्यापूर्वीच झाली, तरच त्या शास्त्राचे सार्थक होईल. अंदाज हाती असूनही थंडीने माणूस दगावला, तर त्याचा दोष आकाशाला देता येणार नाही.