अठ्ठ्याहत्तर दिवसांचा बोनस

रेल्वे कर्मचाऱ्यांना दसऱ्याच्या सुमारास जो बोनस मिळतो, त्याचे अधिकृत नाव 'उत्पादकतेशी निगडित बोनस' असे आहे. योजना १९७९-८० सालची. २०१९-२० या वर्षासाठी तो ७८ दिवसांच्या वेतनाइतका होता. २०२०-२१ मध्ये महामारीमुळे प्रवासी गाड्या महिनोन्महिने उभ्या राहिल्या. त्या वर्षासाठीही ७८ दिवस. २०२४-२५ साठी सुमारे १०.९१ लाख कर्मचाऱ्यांना पुन्हा ७८ दिवसच. हिशेबासाठी मासिक वेतन ७,००० रुपयेच धरतात, म्हणून रक्कम १७,९५१ रुपयांच्या पुढे जात नाही.

हा बोनस बंद करावा असे मी म्हणत नाही. सणाच्या तोंडावर घरात येणाऱ्या पैशाचे मोल नोकरदाराला सांगावे लागत नाही. महामारीतही मालगाड्या धावत होत्या, हेही मान्य. पण ती मालगाडी रात्रंदिवस चालवणारा आणि गाड्याच नाहीत म्हणून घरी बसलेला, या दोघांच्या 'उत्पादकते'चा आकडा एकच कसा निघतो? घोडे आणि गाढवे एकाच भावात विकायची, तर निदान त्या बाजाराला गुणवत्तेचे नाव देऊ नये.

हा विषय आज काढण्याचे कारण म्हणजे आठवा वेतन आयोग. न्यायमूर्ती रंजना देसाई त्याच्या अध्यक्षा आहेत आणि बोनसच्या चालू योजना तपासणे त्याच्या कार्यकक्षेत आहे. कामगिरीनुसार वेतनाची शिफारस सातव्या आयोगानेही २०१५ मध्ये केली होती. ही कामगिरी मोजायची कशाने? हाताशी असलेले साधन म्हणजे वार्षिक मूल्यमापन अहवाल. २००९ पासून तो कर्मचाऱ्याला दाखवावा लागतो आणि त्यात दहापैकी गुण असतात. आठच्या पुढे 'उत्कृष्ट'. माझ्या पाहण्यातल्या कार्यालयांत 'उत्कृष्ट' नसलेला माणूस शोधावा लागतो. या गुणांना पैसा जोडला की आज जे औदार्याने नऊ मिळतात, ते उद्या भांडून मिळवले जातील. फरक पडेल तो एवढाच.

मुळात चूक गृहीतकात आहे. सरकार असे धरून चालते की कर्मचारी नावाचा एकच प्राणी असतो आणि तो पैशाच्या वासाने चालतो. होल्मस्ट्रॉम आणि मिलग्रॉम या अर्थशास्त्रज्ञांनी १९९१ मध्येच दाखवून दिले की कामाचे अनेक पैलू असतील आणि त्यांतला एकच मोजून त्यावर पैसे दिले, तर माणूस न मोजलेले पैलू सोडून देतो. फाइली किती निकालात निघाल्या हे मोजा, फाइली भराभर निघतील. अर्जदाराला न्याय मिळाला की नाही, हे त्या आकड्यात दिसणार नाही.

बंगळुरूत राहणाऱ्याला दुसऱ्या टोकाचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. इस्रोचे मुख्यालय याच शहरात आहे. तिथल्या काही श्रेणींतील वैज्ञानिक-अभियंत्यांना १९९६ पासून मिळणाऱ्या दोन जादा वेतनवाढी २०१९ मध्ये थांबवण्यात आल्या. त्याच वर्षी चांद्रयान-२ उडाले आणि २०२३ मध्ये चांद्रयान-३ चंद्रावर उतरले. यावरून 'बघा, पैसे कापले तरी माणसे काम करतात' असा निष्कर्ष काढणारे महाभाग मला भेटले आहेत. निष्ठेने काम करणाऱ्याला पैसा हलवत नसेल, पण अवहेलना निश्चित हलवते. कापलेली वेतनवाढ त्याला रुपयांत नव्हे, अपमानात मोजता येते.

आणि तिसरा माणूस? त्याला ना चंद्र हवा, ना बोनस. त्याला बदली हवी. महाराष्ट्राबाहेर केंद्रीय नोकरी करणाऱ्या वाचकांना हे समजावण्याची गरज नाही. आई-वडील साताऱ्याला, मुले शाळेच्या अधल्यामधल्या वर्षात आणि बदलीचा आदेश गुवाहाटीचा! पाकिस्तानच्या पंजाब प्रांतात मालमत्ता कराच्या निरीक्षकांवर दोन प्रयोग झाले. पहिल्यात वसुलीवर पैसे दिले. वसुली वाढली, पण बहुसंख्य करदात्यांकडून घेतली जाणारी लाचही वाढली. दुसऱ्यात चांगली कामगिरी करणाऱ्याला नेमणुकीचे ठिकाण निवडण्यात अग्रक्रम दिला. त्यानेही वसुली वाढली, आणि सरकारचा जादा पैसा जवळजवळ लागला नाही. आपल्याकडे हे सर्वात स्वस्त आणि सर्वात प्रभावी बक्षीस बहुधा ओळखीने वाटले जाते. असो.

आयोगाचे एक अंशकालीन सदस्य इथल्याच आयआयएमचे प्राध्यापक आहेत, तेव्हा हे अभ्यास आयोगाला अपरिचित असतील असे मला वाटत नाही. आयोगाला १८ महिन्यांची मुदत आहे. त्यातला एक महिना तरी सचिवांच्या सादरीकरणांऐवजी ट्रॅकमन, कारकून आणि निरीक्षक यांना, तुम्ही सकाळी कामावर कशासाठी येता, एवढे विचारण्यात जावा.