निसटलेला स्टेंट आणि कॅथलॅबची सज्जता

स्टेंट, म्हणजे अरुंद हृदयधमनी उघडी राखण्यासाठी फुग्यावर आवळून आत नेली जाणारी धातूची जाळी, क्वचित वाटेतच फुग्यावरून निसटतो. धमनी वळणावळणाची आणि कॅल्शियम साचून कठीण झालेली असेल, तर हा धोका वाढतो. अशा वेळी मार्गदर्शक तार जागची हलू न देणे सर्वांत महत्त्वाचे, कारण ती स्टेंटमधून गेलेली असेपर्यंत तिच्यावरूनच लहान फुगा पलीकडे नेऊन, फुगवून, स्टेंट मागे ओढता येतो. ते न साधल्यास स्नेअर, म्हणजे तारेचा फास, वापरावा लागतो किंवा दुसऱ्या स्टेंटने तो भिंतीशी दाबून टाकावा लागतो. या खटपटीत धमनीला छिद्र पडल्यास फुग्याने रक्तस्राव तत्काळ थोपवून, गरजेनुसार पातळ पडद्याने आच्छादलेला स्टेंट बसवावा लागतो. एरवी कपाटात पडून राहणारी ही साधने खर्चिक वाटली, तरी ती नसलेल्या कॅथलॅबमध्ये, म्हणजे हृदयधमन्यांवर असे उपचार होणाऱ्या कक्षात, अवघड धमनीत स्टेंट घालणे समर्थनीय नाही. केंद्राने २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली, हे रुग्णहिताचेच झाले. आता तितकीच निकड नोंदींची आहे. वैद्यकीय उपकरणांमुळे होणाऱ्या अपायांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१५ पासून सुरू असून, रुग्ण सुखरूप बचावला असला तरीही, प्रत्येक रुग्णालयाने अशी घटना तेथे कळवावी.