यात्रेचा पैसा भामट्याच्या घशात नको

शेतकरी बंधूंनो, कापूस विकला, उसाचं बिल हाती आलं, की घरातली म्हातारी माणसं चारधामचा विषय काढतात. काढावाच. पण याच पैशावर टपून बसलेले भामटेही आहेत.

केदारनाथला गौरीकुंडापासून सुमारे १६ किलोमीटरची चढण आहे. म्हाताऱ्यांना ती झेपत नाही, म्हणून हेलिकॉप्टरच्या तिकिटाची शोधाशोध होते. नेमकी तिथंच फसगत होते. मोबाईलवर हुबेहूब सरकारी वाटणारं संकेतस्थळ दिसतं. 'दोनच जागा उरल्यात' म्हणून घाई केली जाते आणि पैसे कुणा इसमाच्या खात्यावर मागवले जातात. तिकीट खोटं होतं, हे थेट हेलिपॅडवर गेल्यावर कळतं.

ध्यानात ठेवा. २०२३ पासून ही तिकिटे रेल्वेच्या आयआरसीटीसी कंपनीच्या 'हेलियात्रा' संकेतस्थळावर मिळतात. त्याआधी उत्तराखंड सरकारकडे यात्रेची नोंदणी करावी लागते. नोंदणी क्रमांक न विचारताच कुणी तिकीट देऊ लागला, तर समजा पाणी मुरतंय.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी ही माहिती पंचायतीच्या फळ्यावर लिहावी. दाखले काढून देणाऱ्या सेवा केंद्रातच यात्रेकरूंना नोंदणीसाठी मदत मिळावी. हे गावचंच काम आहे.

फसवणूक झालीच, तर लाजेपायी गप्प बसू नका. लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. जितका उशीर, तितका पैसा हातचा जातो.

बैल घेताना आपण दात बघतो, चालवून बघतो. मग न पाहिलेल्या माणसाला हजारो रुपये एका फोनवर का द्यायचे?