इंजिन बदलले, दरडीचे काय?

तुये, मालपे, पेडणे या टापूत मृग नक्षत्र लागले की शेतकरी पावसाकडे डोळे लावतो आणि रेल्वेचा अधिकारी पावसाचा धसका घेतो. त्या धसक्याचे कारण आहे पेडण्याचा बोगदा. सुमारे दीड किलोमीटर लांबीचा हा बोगदा पाणी मुरलेल्या भुसभुशीत मातीतून खणावा लागला. खणताना तो वारंवार ढासळला. तो पुरा झाला तेव्हाच, २६ जानेवारी १९९८ रोजी, कोकण रेल्वे सलग धावू लागली. पुढे ६ ऑगस्ट २०२० रोजी याच बोगद्याची भिंत कोसळली आणि जुलै २०२४ मध्ये त्यात चिखलपाणी शिरून वाहतूक बंद पडली. मातीने आपला स्वभाव सोडलेला नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

२० जून २०२२ रोजी या मार्गाच्या विद्युतीकरणाचे लोकार्पण झाले. त्याचे आम्ही स्वागतच करतो. परंतु जुन्या डिझेल इंजिनाबरोबर घसरणीचे संकटही निवृत्त झाले, असा समज जर कोणी करून घेत असेल, तर तो आम्हांस घातक वाटतो. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचाच हा प्रकार होय.

या संन्याशाचे चरित्र तरी काय आहे? डब्ल्यूडीएम-२ या वर्गाची पहिली इंजिने १९६२ साली अमेरिकेच्या आल्को कंपनीकडून आली. १९६४ पासून ती वाराणसीच्या कारखान्यात तयार होऊ लागली. सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती, सहा आस आणि सुमारे ११३ टन वजन. प्रवासी गाडी असो वा मालगाडी, दोन्ही ओढण्यास ते समर्थ होते. मूळ कंपनीने १९६९ साली इंजिने बांधणे सोडले, तरी वाराणसीत या घराण्याची परंपरा पुढे दशकानुदशके चालली. कल्याण आणि पुण्याच्या शेडमधील कामगारांनी ही इंजिने अक्षरशः हातावर वागवली. हा वर्ग निर्दोष होता असे आम्ही म्हणत नाही. तो धूर ओकत असे, तेल पीत असे. पण कोकणातील मोठ्या अपघातांचे पाप त्याच्या माथी मारता येणार नाही.

पुरावा पाहा. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ कारवारहून मुंबईस निघालेली विशेष गाडी कोसळलेल्या दरडीवर आदळली आणि पन्नासाहून अधिक प्रवासी प्राणांस मुकले. वर्ष उलटते न उलटते तोच, १६ जून २००४ रोजी, करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस रुळांवर आलेल्या दगडांनी घसरून आंबवली पुलावरून खाली गेली. २६ जून २०२१ रोजी राजधानी एक्स्प्रेसचे इंजिन करबुडे बोगद्यात दगडावर आदळून घसरले. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. तिन्ही वेळा महिना जूनचा आणि अडथळा दगडमातीचा!

यातील यंत्रशास्त्र सामान्य माणसालाही कळण्याजोगे आहे. शंभर टनांहून जड इंजिनाला रुळावर धरून ठेवते ती चाकाची जेमतेम इंचभर कड. दगडाने ती कड उचलली की डिझेल काय नि वीज काय, दोन्ही सारखीच. मात्र आघाताचे बळ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी १०० किलोमीटरने धावणारी गाडी ४० वर आणली, तर तिच्यातील गतिज ऊर्जा सहापटीहून अधिक घटते. अतिवृष्टीत दृष्टी पोहोचेनाशी झाली की गाडी ताशी ४० ने चालवावी, हा दंडक आणि पावसाळ्याचे वेगळे वेळापत्रक यांचे मर्म हेच आहे. गाडी उशिरा येते म्हणून स्थानकावर चडफडणाऱ्या प्रवाशाने हे ध्यानात घ्यावे.

वळणाचा मार्ग आहेच, असे कोणी म्हणेल. मिरज, बेळगाव, लोंढा हा तो मार्ग. पेडण्याचा बोगदा ढासळला तेव्हा गाड्या इकडूनच गेल्या. परंतु २३ जुलै २०२१ रोजी चिपळूणच्या पुरामुळे याच मार्गाने वळवलेली मंगळूर-मुंबई गाडी दूधसागरच्या घाटात दरड कोसळून घसरली. एका डोंगराला भिऊन दुसऱ्या डोंगराच्या पायाशी जाण्याने सुरक्षितता लाभत नाही.

मग उपाय कोणता? उतार कमी करणे, जाळ्या बसवणे, पाण्याला वाट करून देणे आणि रात्रंदिवस कंदील घेऊन रुळ तपासणारा गस्तवाला पुरेशा संख्येने नेमणे. या कामांचे उद्घाटन होत नाही, त्यांना फुलांचे हार पडत नाहीत. म्हणूनच काटकसरीची कुऱ्हाड प्रथम त्यांच्यावर पडण्याचा धोका असतो. कोकण रेल्वे महामंडळ भारतीय रेल्वेत विलीन करण्यास २०२५ साली महाराष्ट्रानेही संमती दिली. त्या विलीनीकरणाच्या कागदोपत्री मालमत्तेची मोजदाद होईल, देण्याघेण्याचे हिशेब होतील. आमचे म्हणणे इतकेच की, पावसाळी गस्तीची माणसे आणि दरडींच्या बंदोबस्ताचा निधी यांत एका माणसाची वा एका रुपयाची कपात होणार नाही, ही हमी त्याच कागदांवर लिहून घ्यावी. महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक आणि केरळ या चारही राज्यांनी या महामंडळात भांडवल घातले आहे. त्यामुळे ही हमी मागण्याचा त्यांना अधिकार आहे आणि त्यांच्या लोकप्रतिनिधींचे ते कर्तव्यही आहे.

नव्या इंजिनाला जनतेने अवश्य हार घालावा. परंतु पुढचा मृग लागण्यापूर्वी आपल्या प्रतिनिधीला दरडीचा हिशेबही विचारावा!