पाटी, मार्कर आणि परीक्षेतले डोके

दगडी पाटी आता शाळांतून जवळजवळ नाहीशी झाली आहे. आमच्या पिढीला ती चांगली आठवते. लाकडी चौकट, पांढरी पेन्सिल, ओल्या फडक्याची पाटीपुसणी, आणि फडके घरी विसरले की थुंकी लावून पाटी पुसणारी मुले! त्या सवयीबद्दल गुरुजींचा मार बहुतेकांनी खाल्ला असेल. आरोग्याच्या दृष्टीने गुरुजींचे बरोबरच होते. पण पाटीची एक बाजू आपण विसरलो. लिहायचे, उत्तर काढायचे, पुसायचे आणि पुढचे गणित घ्यायचे, ही विचार करण्याचीच एक रीत होती.

आज ही पाटी आठवण्याचे कारण थोडे दूरचे आहे. आपल्या जिल्ह्यातील अनेक घरांतली मुले अमेरिकेत स्थायिक झाली आहेत. त्यांची मुले आता तिकडे डॉक्टर, दंतवैद्य होण्याच्या वयात आली आहेत. असेच एक आजोबा रक्तदाब तपासून घ्यायला येतात. त्यांनी विचारले, "डॉक्टरसाहेब, नात दाताच्या कॉलेजच्या परीक्षेला बसते आहे. घरी सराव उत्तम होतो. पण म्हणते की तिथे कागद देत नाहीत, पुसायची पाटी देतात, आणि त्या पाटीनेच तिची झोप उडाली आहे. हा काय प्रकार?"

प्रकार असा आहे. अमेरिकेत दंतवैद्यक महाविद्यालयात प्रवेश हवा असेल तर 'डेंटल ॲडमिशन टेस्ट' अर्थात 'डॅट' ही परीक्षा द्यावी लागते. अमेरिकन डेंटल असोसिएशनची ही परीक्षा १९५० पासून चालू आहे. आता ती परीक्षाकेंद्रात संगणकावर होते. जीवशास्त्र व रसायनशास्त्राचे १०० प्रश्न ९० मिनिटांत, आकृती-आकलनाचे ९० प्रश्न ६० मिनिटांत, उताऱ्यावरचे ५० प्रश्न ६० मिनिटांत आणि गणिताचे ४० प्रश्न ४५ मिनिटांत सोडवायचे असतात. म्हणजे २८० प्रश्नांना सव्वाचार तास. मधली सुट्टी व इतर सोपस्कार धरले तर पाच तासांहून अधिक बैठक होते.

स्वतःचा कागद-पेन आत नेता येत नाही. केंद्रच लॅमिनेट केलेल्या दोन पांढऱ्या पाट्या आणि बारीक टोकाचे दोन मार्कर देते. पाटी भरली तर हात वर करायचा आणि बदलून मागायची. परीक्षा संपली की सर्व परत. प्रश्न कागदावर उतरून बाहेर जाऊ नयेत हा त्यामागचा हेतू स्पष्ट आहे. आपल्याकडे पेपरफुटीवरून २०२४ साली केवढे रान उठले होते ते पाहता, या काळजीला नावे ठेवण्याचा आपल्याला अधिकार नाही.

आता कोणी म्हणेल, कागद काय आणि पाटी काय, ज्याला येते त्याला येते. मला हे मान्य नाही. कारण यात शरीरशास्त्राचा भाग आहे.

आपल्या मेंदूत ज्ञानाचा साठा मोठा असला तरी एका वेळी हाताळायला जागा फार थोडी असते. तिला कार्यस्मृती म्हणतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये मांडले की माणूस एका वेळी साधारण सात गोष्टी ध्यानात धरू शकतो. पुढे २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी हा आकडा चारच्या आसपास असल्याचे दाखवले. वाचकांनी घरी करून पाहावे. ४७ गुणिले ३६ मनातल्या मनात करा. ४७ गुणिले ३० म्हणजे १४१०. आता हा आकडा न सोडता ४७ गुणिले ६ काढा. २८२ हाती येईपर्यंत अनेकांचा १४१० निसटलेला असतो. गणित येत नाही असे नव्हे, धरून ठेवायला हात कमी पडतो. १४१० कोठे टिपून ठेवला असता तर १६९२ हे उत्तर शेंबड्या पोरानेही दिले असते.

टिपून ठेवणे म्हणजे मेंदूला तिसरा हात देणे. परीक्षेच्या भीतीने ही कार्यस्मृती आणखी आकसते. छाती धडधडत असते, 'नापास झालो तर' हा विचार मनात ठाण मांडून बसतो आणि मोजकी जागा अडवतो. म्हणूनच घरी सुटणारे गणित तिथे सुटत नाही. अशा वेळी तिसरा हात जास्तच लागतो.

डॅटमधला आकृती-आकलनाचा भाग तर याच हातावर उभा आहे. एका प्रकारात कागदाला घड्या घालून भोक पाडलेले दाखवतात आणि कागद उलगडल्यावर भोके कोठे कोठे दिसतील ते विचारतात. अनेक विद्यार्थी चार बाय चारची चौकट आखून त्यात खुणा करतात. दुसऱ्या प्रकारात ठोकळ्यांची रास असते. तळ सोडून तिच्या सर्व उघड्या बाजू रंगवल्या आहेत असे धरायचे आणि किती ठोकळ्यांच्या दोन बाजू रंगल्या, किती ठोकळ्यांच्या तीन, ते सांगायचे. तिथे शून्य ते पाच असे आकडे मांडून एकदा नीट मोजदाद केली की त्या राशीवरचे सगळे प्रश्न पाटीवर बघून सुटतात. या भागात एका प्रश्नाला सरासरी ४० सेकंद मिळतात. त्यात मार्कर घसरला, रेघ फासली गेली, चौकट मोठी होऊन पाटी भरली, तर अडखळायला वेळ नाही. आणि पुन्हा बसायचे झाल्यास किमान दोन महिने थांबावे लागते. त्या नातीची झोप उगीच उडालेली नाही.

मग उपाय काय? माझ्या मते तो अगदी साधा आहे, आणि साधा आहे म्हणूनच कोणी करत नाही. ज्या साधनावर परीक्षा, त्याच साधनावर सराव. परीक्षेआधी निदान तीन आठवडे वही कपाटात ठेवावी. लॅमिनेट केलेले दोन कागद आणि बारीक टोकाचा मार्कर एवढाच सरंजाम लागतो. पेनाचे अक्षर लहान येते, मार्करचे मोठे. म्हणून सुरुवातीला पाटी लवकर भरते. पाटीचे कप्पे पाडून वरून खाली क्रमाने लिहिण्याची सवय लावावी. जमेल तोवर पुसू नये. मधले उत्तर पुन्हा लागते तेव्हा ते पुसलेले असते, हा अनुभव पाटीवर शिकलेल्या प्रत्येकाला आहे.

डावऱ्या मुलांनी विशेष लक्ष द्यावे. लिहिताना त्यांचा हात ओल्या अक्षरांवरून फिरतो. पाटी थोडी तिरपी धरून, उजव्या कप्प्याकडून डावीकडे येत लिहिले तर अक्षर फासत नाही. ज्यांच्या तळहाताला घाम येतो त्यांनी हात धुऊन, कोरडे करून मगच बसावे. काहींना मार्करच्या वासाने डोके दुखते. ते सरावातच कळेल. वापर नसेल तेव्हा टोपण लावावे, म्हणजे वासही कमी आणि मार्करही वाळत नाही.

डोळ्यांचे व मानेचेही पाहायला हवे. पडदा समोर उभा आणि पाटी खाली आडवी, अशी नजरेची वर-खाली ये-जा चालते. पडद्याकडे बघताना पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडतात. पाटी शक्य तितकी पडद्याजवळ ठेवावी आणि मधूनमधून मुद्दाम पापण्या मिटाव्यात. चष्म्याचा नंबर महिनाभर आधी तपासून घ्यावा. नवा चष्मा परीक्षेच्या आदल्या दिवशी घेऊ नये.

डॅटमध्ये आकृतींच्या भागानंतर अर्ध्या तासाची ऐच्छिक सुट्टी असते. काही हुशार मुले ती घेत नाहीत. हा हुशारपणा नव्हे. पाणी प्यावे, लघवीला जाऊन यावे, पोळीची गुंडाळी किंवा शेंगदाण्याची चिक्की खावी. कॉफीवर कॉफी पिऊ नये. हात थरथरतो आणि बारीक टोकाच्या मार्करला ती थरथर लगेच दिसते. भीती कमी करण्यासाठी कोणा मित्राने दिलेली हृदयाची गोळी परस्पर घेणे तर धोक्याचे आहे. दम्याच्या रुग्णाला अशा काही गोळ्यांनी जिवावरचा झटका येऊ शकतो. ज्यांना मधुमेह आहे, हाताला कंप आहे किंवा दुसरा काही आजार आहे, त्यांना परीक्षामंडळाकडे आधी रीतसर अर्ज करून सवलत मागता येते. त्यात कमीपणा कसला?

आता आपल्या गावाकडे वळू. आपल्याकडची 'नीट' २०२५ साली कागद-पेनवरच झाली. १८० प्रश्न, १८० मिनिटे, आणि कच्चे काम प्रश्नपुस्तिकेतल्या राखीव जागेतच करायचे. राज्याची सीईटी मात्र २०१९ पासून संगणकावर आहे. साधन बदलले तरी मुद्दा तोच राहतो. आपली मुले सरावाला घरच्या लांबरुंद वहीत ऐसपैस गणिते करतात आणि परीक्षेत वीतभर जागेत कोंडतात. क्लासवाले प्रश्नांचा सराव घेतात, जागेचा सराव कोण घेतो?

पालकांचीही एक चुकीची समजूत आहे. मूल कागद घेऊ लागले की आपण म्हणतो, "एवढे साधे तोंडी येत नाही?" तोंडी हिशेबाचा आपल्याला फार अभिमान. पाढे पाठ हवेतच, कारण पाठ असलेली गोष्ट कार्यस्मृतीत जागा अडवत नाही. पण पायऱ्या-पायऱ्यांचे गणित डोक्यात करायला लावणे म्हणजे दोन्ही हात भरलेल्या माणसाच्या डोक्यावर तिसरे ओझे देणे. जो मुलगा लिहून विचार करतो तो कच्चा नसतो. मी स्वतः लहान मुलांच्या औषधाची मात्रा वजनाप्रमाणे काढताना आजही कागदावर आकडे मांडतो. तीस वर्षांच्या अनुभवानंतरही मांडतो, कारण तिथे चूक परवडत नाही.

शेवटची गोष्ट झोपेची. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून केलेला अभ्यास लक्षात राहत नाहीच, वर दुसऱ्या दिवशी तीच कार्यस्मृती पांगळी होते. सात तास झोपलेले मूल पाटीवर नीट लिहील. जागलेले मूल नीट लिहिलेलेही चुकीचे वाचेल.

आजोबांना मी एवढेच सांगितले की नातीला आजच फोन करा, आणि 'अभ्यास झाला का' हे विचारू नका. 'पाटी आणलीस का' आणि 'काल किती वाजता झोपलीस' हे दोनच प्रश्न विचारा. दहावी-बारावीच्या मुलांच्या पालकांनीही या आठवड्यात आपल्या घरी हेच दोन प्रश्न विचारावेत.